पंचविसाला दहा

ऑक्टोबरच्या उकाड्यात आमचा एसी थोडा वेळ कुंथत चालायचा आणि मग नुसता वारा सोडायचा. बाहेरची घरघर थांबली की समजायचं, कॉम्प्रेसर बसला. कंपनीचा माणूस आला. एरर कोड नव्हता. त्याने गॅसचं प्रेशर पाहिलं, दोन ठिकाणी हात लावला आणि निकाल दिला, ‘किट गेलंय.’ किट म्हणजे आउटडोअरमधला पीसीबी. खर्च अकरा हजार. काय मोजलंत, असं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, अनुभव आहे.’

अनुभवाला अकरा हजार द्यायचं माझ्या जिवावर आलं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मिस्त्रींचा नंबर दिला. आयटीआय झालेला, पन्नाशीचा माणूस. सोबत दोर धरायला एक पोरगा. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘कोड आला नाही ना? मग आधी सेन्सर बघू.’

आम्ही दादरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, समुद्र दोन गल्ल्यांवर. आउटडोअर खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर. मिस्त्रींनी खिडकीचं ग्रिल हलवून पाहिलं, मान हलवली आणि पट्ट्याचा दोर आत गॅलरीच्या खांबाला बांधला. ‘खारा वारा लोखंड आतून खातो, वरून रंग तसाच दिसतो,’ ते म्हणाले. छज्ज्यावरून कबुतरांच्या विष्ठेचा आंबूस, चुनकट वास येत होता. नंतर त्यांच्याबरोबर ज्या दोन घरी गेले तिथेही तोच वास होता. हे काम माझ्या डोक्यात त्या वासासकट बसलंय.

एमसीबी बंद केल्यावरही त्यांनी झाकण लगेच उघडलं नाही. २३० व्होल्टचा एसी पुरवठा किटवर डीसी होतो तेव्हा कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या घरात व्होल्ट साठतात आणि वीज बंद केली तरी ते काही वेळ तिथेच असतात. मिस्त्री पाच मिनिटं छज्ज्यावर उकिडवे बसून राहिले. मग झाकण काढून आधी कपॅसिटर मोजला, आकडा शून्याकडे उतरल्याची खात्री केली आणि त्यानंतरच हात आत घातला.

आउटडोअरमध्ये तीन सेन्सर होते. एक कॉम्प्रेसरमधून गरम गॅस बाहेर पडतो त्या नळीवर, एक कॉइलवर आणि तिसरा मागच्या बाजूला, जाळीबाहेर प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेला. या तिसऱ्याचं काम बाहेरची हवा किती तापलीय ते किटला सांगणं. कुलाब्याच्या वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, म्हणजे त्याला ऊन न लागता फक्त हवा लागते. इथली प्लास्टिकची क्लिप ही त्या पेटीची गरीब बहीण. ती तुटली आणि सेन्सर कॉइलला टेकला, की चांगला सेन्सरही चुकीचं सांगू लागतो. आमची क्लिप शाबूत होती.

‘पंचविसाला दहा,’ मिस्त्री म्हणाले. त्या दिवसात हे मी दहा वेळा तरी ऐकलं असेल. पंचवीस अंशाला या सेन्सरचा रोध १० किलोओहम असतो. गरमी वाढली की आकडा उतरतो, थंडी वाढली की चढतो. ही उलटी चाल मायकेल फॅरडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिली होती. मिस्त्रींना फॅरडे माहीत असण्याची गरज नव्हती. ‘आज बाहेर तेहतीस धरा. सातच्या आसपास यायला पाहिजे.’

सेन्सरचा कनेक्टर किटवरून काढून त्यांनी मीटरच्या दोन्ही सुया लावल्या. १.९.

मीटर माझ्याकडे वळवून त्यांनी नुसतं पाहिलं. मग कॉइलचा सेन्सर मोजला. आमच्या मशीनमध्ये त्याचं रेटिंगही दहाच होतं, आणि मशीन सकाळपासून बंद असल्यामुळे दोघांनी सारखं बोलायला हवं होतं. तो ७.१ दाखवत होता. ‘हा खरं बोलतोय. तो नाही.’

‘थोडा बर्फ आहे का, ताई?’ मी स्टीलच्या वाटीत बर्फ आणि पाणी आणलं. बर्फाच्या पाण्यात दहाचा सेन्सर तिसाच्या वर जायला हवा. सुपारीहून लहान ते काळं बोंडूक वाटीत बुडवून मी दोन मिनिटं धरलं. बोटं बधिर झाली, पण मीटर अडीचच्या वर जाईना. अडीच म्हणजे साधारण साठ अंश. बर्फात बुडूनही तो साठ अंशांचा ताप सांगत होता.

कारण साधं निघालं. पावसाळाभर दमट खाऱ्या हवेने वायरच्या तोंडातून आत शिरकाव केला होता. आतल्या ओलीतून विजेला दुसरी, सोपी वाट मिळाली, म्हणून रोध उतरला. किटला वाटलं, बाहेर पासष्टच्या वर गेलंय. मग त्याने कॉम्प्रेसरचा वेग कमी केला, तेवढ्यानेही भागेना तेव्हा तो थांबवला. किटने त्याचं काम चोख केलं होतं. कंपनीवाले त्यालाच घालवायला निघाले होते.

मग कोड का आला नाही? वायर तुटली किंवा पूर्ण शॉर्ट झाली तर किट बोंब मारतं. पण सेन्सरचा आकडा भलताच असूनही हद्दीत असला, तर ते त्यावर विश्वास ठेवतं. अशा वेळी मीटर धरणारा माणूस लागतो.

मिस्त्रींनी डबीतून एक रेझिस्टर काढला. तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्या, म्हणजे १० किलोओहम. तो सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये खोवून एसी लावला. किटच्या लेखी बाहेर आता पंचवीस अंश. अर्धा तास मशीन एकदाही अडखळलं नाही. अकरा हजारांचं किट शंभर टक्के धडधाकट होतं. ‘हाच ठेवला तर?’ मी विचारलं. ‘ठेवतात काही जण,’ ते म्हणाले. ‘मग मे महिन्यात खरंच तापलं तरी मशीनला पंचवीसच वाटत राहतं. कॉम्प्रेसर मरेपर्यंत चालतो. असला धंदा मी करत नाही.’

त्या दिवशी त्यांच्या पुढच्या दोन कामांनाही मी गेले. माहीमच्या एका घरात आदल्या महिन्यात कुणीतरी नवा सेन्सर टाकून गेला होता, तेव्हापासून मशीन दुपारी दम टाकायचं. मीटर लावला तर ३.५. सेन्सर चांगला होता, पण पाचाचा. पंचविसाला दहा हवे तिथे पाच देणारा बसवला, तर तेहतिसाचे पन्नास होतात. दुसऱ्या घरी मात्र सेन्सर अगदी खरं सांगत होता. इमारतीची शोभा जाऊ नये म्हणून आउटडोअर अरुंद कोनाड्यात, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमागे कोंडला होता. त्याने सोडलेली गरम हवा फिरून त्याच्याच पाठीमागून आत जायची. सेन्सर म्हणत होता, इथे फार गरम आहे. मिस्त्रींनी काहीच बदललं नाही, पट्ट्या उतरवायला सांगितल्या. घरमालकांना ते पटलं नाही. एवढा माणूस बोलावला आणि काहीच बदललं नाही, हे त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं.

आम्हाला बदललेली वस्तू दिसते, तिचे पैसे आम्ही मुकाट्याने देतो. मोजलेला आकडा दिसत नाही, त्याचे द्यायला कुरकुरतो. म्हणून अर्धे मेकॅनिक मोजणं सोडून देतात, आणि त्याचा सगळा दोष त्यांच्यावर टाकणं मला आता जमत नाही. छज्ज्यावर दोराच्या भरवशावर बसून एक आकडा मोजायचा आणि ‘काही बदलायची गरज नाही’ म्हणत खाली उतरायचं, याला पोटाची हिंमत लागते.

आमचं बिल झालं साडेसहाशे. सेन्सरचे दीडशे, व्हिजिटचे पाचशे. घासाघीस करायची सवय असूनही मी केली नाही.

तुमच्याकडे कुणी ‘किट गेलंय’ म्हणाला, तर भांडू नका. वाटीभर बर्फ आणून ठेवा आणि म्हणा, बदलण्याआधी सेन्सर मोजून दाखवा.