कॉर्व्हेटचं स्टिअरिंग : अनेक ठिकाणचं काम एका बॉक्समध्ये

अमेरिकेत पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी पहिल्यांदा बाजारात आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पिरिअल. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला ही सोय मिळाली १९६३ मध्ये, तीही जादा पैसे मोजून. आणि १९८२ पर्यंत रचना तीच राहिली.

ही रचना मोठी गुंतागुंतीची. स्टिअरिंग बॉक्स साधाच. मदतीचं सगळं काम बाहेर. बॉक्सच्या पिटमन आर्मने, म्हणजे त्याला जोडलेल्या दांड्याने, कंट्रोल व्हॉल्व्हमधला बॉल स्टड जरासा ढकलला, की पंपाचं तेल होजमधून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तो सिलिंडर आडव्या रॉडला रेटतो. सांधे अनेक, सीलही अनेक. सील कडक झाली की गॅरेजच्या फरशीवर तेलाचे डाग दिसायला लागतात, आणि सांधे झिजले की सरळ रस्त्यावरही चाक सारखं सावरावं लागतं.

म्हणून अशा जुन्या कॉर्व्हेटमध्ये बोर्गसनसारख्या कंपन्यांचा नवा बॉक्स बसवतात. यात व्हॉल्व्ह आणि पिस्टन बॉक्सच्या पोटातच. चाक फिरवताच आतला टॉर्शन बार किंचित पिळला जातो, व्हॉल्व्ह उघडतो. जुना सिलिंडर, त्याची ब्रॅकेट, लांबलचक होज, सगळं निघतं. व्हॉल्व्हच्या जागी रॉडला अडॅप्टर लागतो.

चॅसिसला भोकं पाडावी लागत नाहीत, ही फार मोलाची गोष्ट. मात्र नवा बॉक्स लांबीला जास्त, त्यामुळे कॉलमच्या शाफ्टची लांबी जुळवावी लागते. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. जुन्या गाड्यांचा अस्सलपणा तपासणारे परीक्षक हे मूळ भागच शोधतात.