तुरीच्या दाण्याएवढी गाठ आणि ट्रॉम्बेचे ल्युटेशियम

वाशिमच्या शेतातल्या तुरीच्या दाण्याएवढी गाठ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात वर्षानुवर्षे दडून राहू शकते. तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. 1907 मध्ये म्युनिकच्या सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी तिला ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. मार्च 2018 मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले.

पोटात मुरडा उठला की आपण गॅस समजून ओवा चावतो. इथेच निदान लांबते. गाठ सेरोटोनिन हे रसायन स्रवते, पण यकृत ते निकामी करत असल्याने सुरुवातीला बाहेर काही दिसत नाही. रोग यकृतात पसरला की चेहरा अचानक लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, कधी दमही लागतो. मग सेरोटोनिनच्या खुणा शोधण्यासाठी 24 तासांची लघवी साठवून तपासतात. त्याआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड बंद ठेवावे लागतात, नाहीतर अहवाल फसतो. गाठीचा तुकडा तपासून तिची वाढ मंद आहे की वेगवान, हेही ठरवतात.

या गाठींतील बहुतेक पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाची जणू कुलुपे असतात. त्यात बसणाऱ्या किल्लीला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडले की पेट स्कॅनवर गाठ उजळते. त्याच किल्लीला ल्युटेशियम-177 जोडले की तीच किल्ली औषध होते. त्याचे बीटा किरण शरीरात जेमतेम 2 मिलिमीटर जातात, म्हणून मारा मुख्यतः गाठीवरच होतो. सहसा आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस देतात.

हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत बनते. परळला टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात 1963 पासून चालणाऱ्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते रुग्णांना दिले जाते. अणुशक्तीचे याहून हृद्य रूप कोणते असेल?

गाठ एका जागी असेल, तर शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय. रोग पसरला असेल, तर दरमहा ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन लक्षणे आवरते आणि वाढही मंदावते. असे उपचार घेत अनेक जण वर्षानुवर्षे जगतात.

म्हणून रिसोड-मंगरूळपीरच्या वाचकांना एकच विनंती: चेहरा वारंवार लाल होत असेल, जुलाब महिनोन्महिने हटत नसतील, तर पोटाच्या डॉक्टरांना ही दोन्ही लक्षणे एकत्र सांगा.