संगणकाचे जलशीतन, लेखांक ४ : हवा अनुकूल, पाणी प्रतिकूल

जलशीतनाच्या व्यवस्थेत ब्लॉक, पंप, रेडिएटर आणि टाकी असे चार घटक असतात, आणि प्रोसेसरमध्ये निर्माण झालेली उष्णता या घटकांमधून प्रवास करीत शेवटी खोलीतील हवेत मिसळते, हे मागील लेखांकांत स्पष्ट झाले आहे. प्रस्तुत लेखांकात प्रोसेसरवर प्रत्यक्ष बसणाऱ्या ब्लॉकचा, त्यातही मर्यादित खर्चात घ्यावयाच्या ब्लॉकचा, विचार बेंगळुरूच्या संदर्भात केला आहे. या शहरात जलशीतनाला हवेची साथ मिळते, पाण्याची मात्र मिळत नाही. त्यामुळे येथे स्वस्त ब्लॉक निवडताना तापमान किती अंशांनी उतरेल या दाव्यापेक्षा ब्लॉकचा धातू कोणता आणि तो उघडून साफ करता येतो की नाही, या दोन प्रश्नांना अग्रक्रम द्यावा लागतो.

ब्लॉकची रचना

ब्लॉक म्हणजे धातूचा जाड तळ, त्यावर कोरलेले बारीक पंख आणि वरून स्क्रूंनी बसवलेले झाकण. पंख म्हणजे एकमेकांना समांतर उभ्या असलेल्या पातळ भिंती. त्यांच्यामधील फटी मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतक्याच रुंद असतात आणि पाणी त्यांतूनच वाहते. तळ आणि झाकण यांच्या मधल्या खाचेत रबराचे कडे, म्हणजे ओ-रिंग, दाबून बसवलेले असते. चांगल्या ब्लॉकमध्ये पंखांच्या वर एक छेद असलेली पातळ पट्टी असते, जिला जेट प्लेट म्हणतात. ती आत येणारे पाणी प्रोसेसरच्या बरोबर मध्यावर, जेथे उष्णता सर्वाधिक असते तेथे, वेगाने सोडते.

फटी इतक्या अरुंद ठेवण्यामागे निश्चित कारण आहे. धातूला चिकटून वाहणारा पाण्याचा थर जितका पातळ, तितकी उष्णता धातूतून पाण्यात सहज उतरते, आणि पंखांची संख्या वाढली की पाण्याला स्पर्श करणारा पृष्ठभागही वाढतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील टकरमन आणि पीझ या संशोधकांनी १९८१ साली सिलिकॉनमध्येच सूक्ष्म खाचा कोरून दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७९० वॅट उष्णता पाण्याने वाहून नेता येते, हे दाखवून दिले. आजचे ब्लॉक याच तत्त्वावर चालतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ च्या प्रारंभी राष्ट्रीय महासंगणन मोहिमेअंतर्गत, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या सहभागाने, ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘परम प्रवेग’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याची यंत्रणा ज्या प्रकारच्या कपाटांत बसवलेली आहे, त्यांतही प्रोसेसरवर टेकलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून पाणी फिरवून उष्णता काढली जाते. घरगुती ब्लॉक आणि ही पट्टी यांत फरक प्रमाणाचा आहे, तत्त्वाचा नाही.

शहराची हवा आणि शहराचे पाणी

ज्या व्यवस्थेत वेगळे शीतकयंत्र नाही, तिच्यातील पाणी खोलीतील हवेपेक्षा कधीही थंड होऊ शकत नाही, आणि हवेचे तापमान जितक्या अंशांनी वाढते जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरचेही वाढते. एप्रिल हा बेंगळुरूचा सर्वांत उष्ण महिना असूनही तेथील सरासरी कमाल तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, तर नागपुरात मे महिन्यात ते ४२ अंशांच्या घरात जाते. म्हणजे तोच ब्लॉक आणि तोच रेडिएटर वापरूनही बेंगळुरूतील प्रोसेसर ऐन उन्हाळ्यात सुमारे आठ अंशांनी कमी तापतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हवा काहीशी विरळ असते आणि पंखा तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे दहा टक्के कमी वजनाची हवा ढकलतो; तथापि ही उणीव वरील लाभापुढे किरकोळ ठरते.

पाण्याची स्थिती वेगळी आहे. शहराला सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून उपसा करून आणलेले कावेरीचे पाणी मिळते, परंतु अनेक वसाहती, विशेषतः शहराच्या कडेने वाढलेले भाग, बोअरवेल आणि टँकरवर अवलंबून आहेत, आणि खडकातून येणारे हे पाणी बहुधा कठीण असते. म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. बंदिस्त व्यवस्थेत एक लिटर पाणी भरले, तर या कमाल मर्यादेलाही क्षार अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिकच असतील, आणि एवढ्याने ब्लॉक लगेच तुंबत नाही. परंतु घट भरून काढण्यासाठी तेच पाणी पुन्हापुन्हा ओतले गेले की पांढरा थर नेमका पंखांच्या फटींत साचतो. शिवाय क्षारयुक्त पाणी वीजवाहक असल्याने धातूंच्या क्षरणाला वेग येतो, आणि हा धोका थरापेक्षा मोठा आहे. आर.ओ. यंत्राच्या पाण्यातही काही क्षार उरतातच. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे, मात्र त्याच दुकानात बॅटरीत भरण्याचे आम्लही मिळत असल्याने डब्यावरील मजकूर नीट वाचून घ्यावा. केवळ डिस्टिल्ड पाण्यात कालांतराने शेवाळ धरते, त्यामुळे संगणकासाठीच बनवलेले क्षरणरोधक आणि जंतुरोधक द्रव्य त्याच्या वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे.

धातूची निवड

बाजारातील सर्वांत स्वस्त ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात. चाळीस मिलिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी ठोकळा आणि त्याच्या एकाच बाजूला नळी ओढून बसवण्याच्या दोन तोट्या, असे त्यांचे रूप असते. त्यांच्या आत बहुधा नागमोडी वाट असते, बारीक पंख नसतात, आणि ते उघडताही येत नाहीत. तांब्याची उष्णतावहनक्षमता मीटर-अंशाला सुमारे ४०० वॅट, तर शुद्ध ॲल्युमिनियमची सुमारे २३७ वॅट आहे. परंतु ॲल्युमिनियम टाळण्याचे मुख्य कारण हे नव्हे. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम असले की त्यांच्या विद्युतविभवांतील फरकामुळे एक विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. या क्रियेला गॅल्व्हॅनिक क्षरण म्हणतात. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल, तर क्षरणरोधक द्रव्य ही झीज लांबवते, थांबवत नाही. यावरून नियम असा निघतो की ब्लॉक तांब्याचा किंवा तांब्यावर निकेलचा मुलामा दिलेला घ्यावा आणि रेडिएटरही तांबे-पितळेचाच असावा. दोन्ही घेणे परवडत नसेल, तर त्या किमतीत चांगला हवाई कूलर घेणे श्रेयस्कर. ६५ वॅटच्या प्रोसेसरला तो पुरेसा असतो.

दुकानातील पारख

बेंगळुरूत संगणकाचे सुटे भाग घ्यायचे झाल्यास सदर पत्रप्पा रस्त्याची, म्हणजेच एस.पी. रोडची, बाजारपेठ प्रसिद्ध आहे. येथे ब्लॉक हातात घेऊन पाहता येतो, आणि या सोयीचा पुरेपूर उपयोग करावा. प्रथम तळावरील संरक्षक फिल्म काढून पोलादी पट्टीची धार तळावर उभी टेकवावी आणि ती उजेडाकडे धरावी. पट्टीखालून प्रकाशाची सलग रेघ दिसली, तर तळ सपाट नाही. मध्यभागी किंचित फुगवटा मुद्दाम ठेवलेला असू शकतो, परंतु कडेला खड्डा किंवा ओरखडा नसावा. त्यानंतर झाकणाचे स्क्रू षट्कोनी चावीने उघडता येतात का हे विचारावे आणि पारदर्शक झाकणातून ओ-रिंग खाचेत सर्वत्र सारखी बसलेली आहे का हे पाहावे.

पाण्याच्या तोंडांवरील आटे बहुतेक ब्लॉकमध्ये जी पाव इंची मापाचे असतात. या आट्यांचा बाहेरील व्यास पाव इंच नसून सुमारे १३.२ मिलिमीटर असतो, त्यामुळे नळकामाची फिटिंग अंदाजाने घेऊ नये. फिटिंग बोटांनी फिरवून पूर्ण आत जायला हवी. मध्येच अडली, तर आटे खराब आहेत.

शेवटी पकड, म्हणजे ब्लॉक मदरबोर्डवर धरून ठेवणारी चौकट, तपासावी. इंटेलच्या एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटभोवतीची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, तर २०२१ मध्ये आलेल्या एलजीए १७०० मध्ये हे अंतर ७८ मिलिमीटर आहे आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी आहे. जुन्या पकडीची छिद्रे ओढूनताणून जुळवली, तरी दाब कमी पडतो. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ या सॉकेटांची छिद्रे सारखीच आहेत, मात्र एएम५ ची मागील पट्टी काढता येत नसल्यामुळे स्वतःची मागील पट्टी लागणारी पकड तेथे बसत नाही.

जोडणी आणि गळतीची चाचणी

ब्लॉक बसवण्यापूर्वी प्रोसेसरचा पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, परंतु ॲक्रिलिकच्या झाकणाला हे अल्कोहोल लागू देऊ नये, कारण त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. झाकण साबणाच्या पाण्यानेच धुवावे. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, आणि एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट असल्याने त्यावर ती रेघेसारखी लावावी. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे धरून घ्यावेत आणि नंतर कर्णरेषेत, आलटूनपालटून, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे ब्लॉक एका बाजूला कलत नाही. फिटिंगच्या बुडाशी ओ-रिंग असल्याने टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते, आणि ॲक्रिलिक तडकू नये म्हणून फिटिंग हातानेच घट्ट करावी. ब्लॉकवर आत येणाऱ्या तोंडाची खूण असल्यास पंपाकडून येणारी नळी त्याच तोंडाला लावावी, अन्यथा जेट प्लेटचा उपयोग उरत नाही.

पाणी भरताना टाकी पंपापेक्षा उंच असावी, कारण पंप कोरडा चालला तर अल्पावधीत निकामी होतो. या वेळी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे जाणारे विजेचे सर्व प्लग काढलेले असावेत. वीजपुरवठा संचाच्या २४ पिनांच्या प्लगमधील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडली की मदरबोर्डविना संच सुरू होतो आणि एकटा पंप चालतो. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून पंप किमान काही तास, शक्य असल्यास एक दिवस-रात्र, चालू ठेवावा आणि कॅबिनेट मधूनमधून हळूच कलंडवून अडकलेले बुडबुडे टाकीत आणावेत. टिश्यूवर ओल दिसली, तर सांधा उघडून ओ-रिंग पुन्हा बसवावी आणि चाचणी पहिल्यापासून करावी; नुसते अधिक आवळून गळती थांबवणे हा उपाय नव्हे.

महागड्या पंपाचा मोहही येथेच आवरता येतो. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर १४२ वॅट उष्णता देत असेल, जी रायझन ७ ५८००एक्स या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा आहे, तर ब्लॉकमधून जाताना पाणी अवघे दोन अंश तापते. प्रवाह दुप्पट केल्यास ते एक अंश तापेल, म्हणजे पाण्याच्या तापण्यातील लाभ एका अंशाचाच आहे. तोच खर्च तांब्याच्या मोठ्या रेडिएटरवर केल्यास सगळे पाणीच अधिक थंड राहते.

जोडणीनंतर पहिल्या आठवड्यात पूर्ण भाराखालील प्रोसेसरचे आणि खोलीचे तापमान एकाच वेळी नोंदवून ठेवावे. पुढे खोलीच्या तुलनेतील हा फरक हळूहळू वाढू लागला, तर थर्मल पेस्ट आणि रेडिएटरवरील धूळ तपासून झाल्यावर ब्लॉक उघडून पंख जुन्या मऊ ब्रशने साफ करावेत, ओ-रिंग पाहावी आणि नवे डिस्टिल्ड पाणी भरावे. तांब्याचा, उघडता येणारा साधा ब्लॉक अशा निगराणीने एका संगणकाहून अधिक काळ टिकतो, कारण सॉकेट बदलले तरी बहुधा नवी पकड घेऊन तोच ब्लॉक पुन्हा बसवता येतो.

(पुढील लेखांक : रेडिएटरचे आकारमान आणि पंख्यांची निवड)