गाणे पाठ, अक्षर अनोळखी

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेमध्ये आम्ही पाचवीच्या मुलांना एक ओळखीचे गाणे म्हणायला सांगितले. साऱ्या वर्गाने ते तालासुरात म्हटले. मग तेच गाणे मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हाती दिले आणि ओळींवर बोट ठेवून म्हणायला सांगितले. एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणत होता, पण त्याचे बोट आवाजाच्या एक ओळ पुढे गेले होते. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो वाचत नव्हता, नुसता गात होता.

ही अवस्था एका गावाची नाही. 'असर' या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. 2018 साली 50.5 टक्के मुलांना तो वाचता आला. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, 2022 साली, 42.8 टक्के मुलांना. पाचवीच्या मुलाला भूगोल, विज्ञान, गणिताची शाब्दिक उदाहरणे हे सारे वाचूनच शिकायचे असते. वाचन अडले की सगळेच विषय अडतात.

वाचताना नेमके काय घडते? आपला डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतो. दिसते ते त्या थांब्यात. सराईत वाचक एका थांब्यात अख्खा शब्द टिपतो. नवशिका एकेका अक्षरावर अडखळतो. 'क... म... ळ...' करीत तो शेवटच्या शब्दाशी पोचतो तोवर वाक्याची सुरुवात स्मृतीतून निसटलेली असते.

शिवाय लिपी आणि उच्चार यांची चालही सर्वत्र एकसारखी नाही. 'कमळ' लिहिताना शेवटचा 'ळ' पूर्ण, बोलताना मात्र त्यातला 'अ' आपण गिळतो. 'विहीर' मधली पहिली वेलांटी डोळ्याला 'व'च्या आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. 'चंद्र' आणि 'चूल' यांतला 'च' एकच, पण जीभ दोन ठिकाणी टेकते. 'र' तर बहुरूपीच आहे: पर्वत, चक्र, राष्ट्र, तऱ्हा. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण आपण केव्हाच सरावलो आहोत. मुलाला हा सराव हवा असतो, आणि तो अक्षर दिसण्याच्या क्षणीच त्याचा ध्वनी ऐकू आला तर सहज होतो. वर्गातल्या पडद्याचा खरा उपयोग येथे आहे.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत अध्यापन केलेल्या ब्रिज कोठारी यांना अमेरिकेत शिकत असताना, स्पॅनिश चित्रपट पाहताना, एक कल्पना सुचली. चित्रपटाखाली भाषांतराऐवजी स्पॅनिशच अक्षरे दिसली तर भाषा शिकायला किती सोपे होईल! तोच न्याय त्यांनी वाचनाला लावला. हिंदी गाण्याखाली हिंदी शब्द, गुजराती गाण्याखाली गुजराती. 1999 साली अहमदाबाद दूरदर्शनवरील गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात हा प्रयोग झाला, 2002 साली 'चित्रहार'मध्ये आला. 2013 नंतर काही वर्षे झी टॉकीजवरील मराठी चित्रपटांनाही मराठी सबटायटल्स देण्यात आली.

चित्र समोर हलत असताना अक्षरांकडे कोण बघतो, अशी शंका साहजिक आहे. बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. त्यांचे 1991 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष गमतीचे आहेत. सबटायटल्सची सवय नसलेल्या अमेरिकन प्रेक्षकांना इंग्रजी चित्रपट इंग्रजी अक्षरांसह दाखवला. कानाला सारे कळत असूनही त्यांचे डोळे अक्षरांकडे वळत होतेच. अर्थात हे प्रेक्षक सराईत वाचक होते. ज्याला एकही अक्षर येत नाही त्याच्या दृष्टीने खालची पट्टी म्हणजे नक्षी. हे साधन उपयोगी पडते ते अर्धेमुर्धे येणाऱ्या मुलाला, आणि आपल्या वर्गांत अशीच मुले पुष्कळ असतात.

गाणेच का, याचे उत्तर हिशोबात मिळते. सहा शब्दांची ओळ गायला आठ सेकंद लागली, तर वेग मिनिटाला 45 शब्दांचा झाला. 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या मुलाकडून मिनिटाला किमान 60 शब्दांची अपेक्षा आहे. म्हणजे संथ गाण्याचा वेग नवशिक्याला झेपेल असा, थोडासा पुढे ओढणारा. त्यात ध्रुवपद पुन्हापुन्हा येते. तोच शब्द पाच वेळा वाचण्याचा कंटाळवाणा सराव मूल तक्रार न करता करते. बातम्यांचा वेग यासाठी निरुपयोगी.

पडदा किती मोठा हवा? डोळ्यांच्या डॉक्टरांच्या तक्त्यात सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारे अक्षर सुमारे 9 मिलिमीटर उंच असते. जेमतेम वाचण्यात आणि आरामात वाचण्यात फरक आहे. त्याच्या तिप्पट, म्हणजे निदान 25 मिलिमीटर तरी धरावे. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळीला आणखी जागा सोडावी. शेवटच्या बाकावर बसून गुरुजींनी स्वतः एकदा पाहावे. आमच्या पहिल्या खेपेला मागच्या दोन रांगांना नुसती पांढरी रेघ दिसत होती. मोबाईल वापरायचा तर तीन-चार मुलांच्या गटातच.

येथून सेवाग्राम जवळच आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची आखणी झाली. त्या शाळांतले साधन टकळी. ती मुलाच्या बोटांत फिरत असे, शिक्षकाच्या कपाटात नसे. आजची बरीच साधने कपाटात आढळतात, किंवा वर्ग शांत बसावा म्हणून लावली जातात. लाखाच्या टीव्हीवर कार्टून लावण्यापेक्षा फळ्यावर गाणे लिहून, ते म्हणत म्हणत शब्दांखालून छडी फिरवणे बरे. वीज गेली की आम्ही तेच करतो.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार सांभाळावी लागली. आमची मुले वऱ्हाडी बोलतात. घरी 'डोया' म्हणतात, पडद्यावर 'डोळा' येते. 'डोळा' पाहून 'डोया' वाचणारे मूल चुकले का? त्याने अक्षरे ओळखली, अर्थ लावला आणि आपल्या जिभेवरचा शब्द उच्चारला. हे वाचनच आहे. तेथे टोकू नये. उलट प्रमाण उच्चार अचूक करणारे मूल निव्वळ पाठांतरावर चाललेले असू शकते. म्हणून आम्ही मुलांनी सांगितलेले प्रसंग त्यांच्याच बोलीत मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि 'मले', 'तुले' जसेच्या तसे लिहून आवाजाबरोबर दाखवले. आपले बोलणे असे लिहिता येते, याचेच मुलांना नवल वाटले. प्रमाण मराठीची गाणी त्यानंतर घेतली.

राहिला प्रश्न त्या बोट पुढे गेलेल्या मुलाचा. मूल वाचते की पाठ म्हणते, हे ओळखायचे कसे? गाणे चार-पाच दिवस अक्षरांसह ऐकवावे. मग आवाज बंद करून नुसती अक्षरे दाखवावीत. त्यानंतर कागदावर तेच गाणे द्यावे, पण दोन ओळींची अदलाबदल करून आणि एक-दोन शब्द बदलून. जेथे 'झाड' असायचे तेथे 'झोप' लिहावे. पाठ म्हणणारा बेधडक 'झाड' म्हणून पुढे जातो. वाचणारा अडखळतो, मागे येतो, हसतो.

तो मुलगा पहिल्या आठवड्यात न थांबता पुढे गेला. दुसऱ्या आठवड्यातही गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याचे बोट 'झोप'वर थांबले आणि तो म्हणाला, "सर, हे चुकलं तुमचं."