फाट्यावरची निळी बस

गोष्ट 220 रुपयांची आहे. गरीब घरच्या मुली पहिली ते चौथीत टिकाव्यात म्हणून 1992 साली राज्य सरकारने उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. धानोरा तालुक्यातल्या माझ्या शाळेत आधी मी ही रक्कम मायबापांच्या हातावर ठेवायची अन् वहीत अंगठा घ्यायची. पुढे बँकेतली खाती आली. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीची माय मला म्हणाली, "मॅडम, बँकेत जायचं म्हणजे रोवणीचा एक दिवस बुडते. अन् गाडीभाडं वेगळंच." तिने पैसे काढलेच नाहीत. तिचा हिशोब बरोबर होता.

शाळेसाठी सरकार पैसा देत नाही, असं लोक सर्रास बोलतात. गडचिरोली-चंद्रपूरच्या जिल्हा परिषद शाळांत आयुष्य घालवल्यावर मी असं म्हणणार नाही. पैसा येतो. प्रश्न तो कुठपर्यंत येतो, हा आहे.

शाळेच्या नावाने येणारा मुख्य पैसा समग्र शिक्षा योजनेचा. 2018 मध्ये सर्व शिक्षा अभियान अन् माध्यमिक शिक्षा अभियान एकत्र करून ती उभी राहिली. त्यात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. गणवेश, पाठ्यपुस्तकं, शिक्षक प्रशिक्षण, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं, सगळं याच छत्राखाली. मुख्याध्यापकाच्या हाती प्रत्यक्ष येतं ते संयुक्त शाळा अनुदान, अन् ते ठरतं पटावर. 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, त्यापुढे शंभरापर्यंत 25,000. माझ्या शाळेत 28 मुलं. त्या दहा हजारांत विजेचं बिल, खडू, रजिस्टरं, फुटलेली कवेलू, हातपंपाची दुरुस्ती, अन् त्यातलेच दहा टक्के स्वच्छतेसाठी. पट 31 झाला असता तर अडीचपट रक्कम आली असती. पण जंगलातल्या टोल्यावर 31वं मूल आणायचं कुठून? छप्पर 28 मुलांवरही तेवढंच गळतं. पटावर पैसे मोजण्याची ही रीत शहरासाठी ठीक असेल, आमच्या टोल्यांवर ती अन्याय करते. मी हे प्रत्येक बैठकीत बोलले.

त्याउलट दुपारचं जेवण. 1995 मध्ये योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जायचा. तो घरच्या सगळ्यांच्या ताटात वाटला जायचा, हे ओघानेच आलं. पुढे शाळेतच चूल पेटली. प्राथमिकच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला याच्या दीडपट. मोहफुलं वेचायच्या दिवसांत मुलं पहाटेच रानात जातात. तेव्हाही बरीचशी मुलं टोपली घरी टाकून धावत शाळेत यायची, कारण चुलीवर भात शिजत असायचा. यासाठी कोणाला कागद आणावा लागला नाही, कोणाचं खातं तपासावं लागलं नाही. शिजवणाऱ्या बाईला मात्र 2023 च्या वाढीनंतरही महिन्याला 2,500 रुपयेच मिळू लागले. तेही वर्षातले दहा महिने. धुरात बसून रोज पोरांचं पोट भरणाऱ्या बाईला एवढंच, याचं मला फार वाईट वाटतं.

शिक्षकांसाठीही तरतूद आहे. आदिवासी अन् नक्षलग्रस्त भागात काम करेपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते, अन् मूळ पगाराच्या 15 टक्के, कमाल 1,500 रुपये प्रोत्साहन भत्ता. 6 ऑगस्ट 2002 चा शासन निर्णय. मीही हे पैसे घेतले. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. तिथे लेकरंबाळं सोडून राहणाऱ्या शिक्षकाला एवढं द्यायलाच हवं.

आदिवासी मुलांची सुवर्ण महोत्सवी शिष्यवृत्तीही आहे. पहिली ते चौथी वर्षाला 1,000, सातवीपर्यंत 1,500, दहावीपर्यंत 2,000. रक्कम कामाची आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं खातं. आधारवर नाव एक, दाखलखारिज रजिस्टरात दुसरं, कारण मूळ माडिया भाषेतलं नाव प्रत्येक लिहिणाऱ्याने आपापल्या कानाने ऐकलेलं. एका अक्षरापायी बाप तीन वेळा तालुक्याला जातो अन् चौथ्यांदा जात नाही. एका वर्षी महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानाचं शिबिर आमच्या शाळेत लागलं. तलाठी व्हरांड्यात बसले, ग्रामसेवक बाजूला. संध्याकाळपर्यंत चौथीच्या सगळ्या मुलांचे अर्ज झाले. जे काम वर्षभर होत नव्हतं ते एका दिवसात झालं. फरक इतकाच की त्या दिवशी सरकार चालत आलं होतं.

म्हणून मला सगळ्यांत लागू पडलेली योजना वाटते ती मानव विकास कार्यक्रमाची. 2011 पासून ती राज्यातल्या 22 जिल्ह्यांच्या 125 मागास तालुक्यांत आहे. आठवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेपर्यंत एसटीच्या निळ्या बसने मोफत नेलं जातं. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल त्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, आता 5,000. आधी 3,500 खात्यात, पावती दाखवली की उरलेले. आमच्या भागात सातवीनंतर मुलींची शाळा सुटायची ती बहुतेक रस्त्यापायी. मधे जंगल, हिवाळ्यात लवकर पडणारा अंधार, वाघाची भीती.

उपस्थिती भत्ता न काढलेल्या त्या मायची मुलगी पुढे याच बसने दहावीपर्यंत गेली. सकाळी फाट्यावर सहा-सात मुली उभ्या असायच्या, दप्तरं छातीशी धरून. बस उशिरा आली तर मी माझ्या शाळेच्या ओट्यावरून आवाज द्यायची, अन् त्या ओरडून सांगायच्या, "येते मॅडम, येते!" मग वळणावर हॉर्न वाजायचा.