तीन अक्षरांचा धाक

१९६५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन सापडले. ते गर्भाच्या आतड्यातही असते, म्हणून त्याचे नाव पडले ‘कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन’, थोडक्यात सीईए. थोरल्या भावाचे ऑपरेशन झाल्यापासून ही तीन अक्षरे आमच्या घरी मुक्कामालाच आहेत. दर तीन महिन्यांनी दादाने रक्त द्यायचे आणि सगळ्यांनी धास्तावून रिपोर्टची वाट पाहायची!

हा आकडा साधारणतः मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅमपर्यंत ठीक मानतात. ऑपरेशनपूर्वीच तो जास्त असेल, तर पुढचा धोका अधिक. गाठ पूर्ण निघाली, की चार-सहा आठवड्यांत तो खाली येतो. नंतर पुन्हा चढतच राहिला, तर रोग परतल्याची ती वर्दी असू शकते, बहुधा यकृतात. वेळीच कळले तर काही रुग्णांत यकृतातली गाठही काढता येते. तपासणीचे मोल ते हेच.

पण हा आकडा चकवतोही. सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत तो कर्करोगाविनाही वाढतो. उलट काही गाठी सीईए फारसे बनवतच नाहीत. म्हणून निरोगी माणसाने कर्करोग शोधायला ही चाचणी करून उपयोग नाही.

एकदा दादाचा आकडा थोडा वाढला, तर वहिनींच्या घशाखाली घास जाईना. महिन्याने पुन्हा तपासले, तेव्हा तो पूर्ववत होता. रिपोर्ट जरूर वाचावा. निकाल मात्र डॉक्टरांवर सोडावा.