पडद्यावरची जागा आणि गाडीतली जागा

संकेतस्थळ हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे. परंतु संकेतस्थळ बांधणे म्हणजे नेमके काय करणे, ह्याविषयी आपल्या सुशिक्षित समाजातही एक भाबडी कल्पना आढळते. अक्षरे सुबक मांडली, चार चित्रे लावली, रंगसंगती साधली, की संकेतस्थळ तयार झाले, असे पुष्कळांना वाटते. पाटी रंगवून झाली की दुकान उभे राहिले, असे म्हणण्यासारखेच हे आहे. जो मनुष्य नोकरी सोडून, पदरचे पैसे घालून, संकेतस्थळाच्या आधारे एखादा नवा उद्योग काढतो, आजच्या भाषेत ज्याला स्टार्टअप म्हणतात, त्याचा हा भ्रम पहिल्या काही महिन्यांतच दूर होतो. पान सजविण्याची विद्या त्याला बाजारात विकत मिळते. पडद्यावर जे दिसते आणि जगात जे प्रत्यक्ष असते, ते एकमेकांशी जुळते ठेवण्याची विद्या मात्र त्याला स्वतःच, आणि बहुधा नुकसान सोसून, शिकावी लागते. आज मी ह्या दुसऱ्या विद्येविषयी बोलणार आहे.

उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. २००५ सालच्या दिवाळीत बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा ह्या तरुण अभियंत्याला घरी जाण्यासाठी हैदराबादच्या बसचे तिकीट मिळेना. एका दलालाकडून दुसऱ्याकडे असे हेलपाटे घालताना त्याच्या मनात आले की, गाव सोडून जाणाऱ्या एखाद्या गाडीत एखादी जागा रिकामी असेलही. पण ती कोणत्या दलालाच्या वहीत आहे हे आपणांस कळण्याचा मार्गच नाही. पिलानीच्या बिट्स संस्थेतील आपल्या दोन मित्रांना घेऊन २००६ मध्ये त्याने रेडबस हा उद्योग सुरू केला. पुढे २०१३ साली तो इबिबो समूहाने विकत घेतला. हा शेवट सर्वांस ठाऊक असतो. माझ्या मते त्याहून उद्बोधक आहे ती सुरुवात.

ह्या मित्रांची आरंभीची कल्पना अशी की, बसमालकांना जागांचा हिशेब ठेवणारी संगणकीय व्यवस्था करून द्यावी. मालकांना तिच्यात रस वाटला नाही. त्यांच्याजवळ वही होती, पेन्सिल होती, टेलिफोन होता. आणि त्यावर त्यांचा धंदा वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला होता. तेव्हा ह्या तरुणांनी मागणी फिरवली: आम्हांला थोड्या जागा विकावयास द्या. मालकाने काही जागा तोडून दिल्या की त्या पुरती वही आणि पडदा ह्यांचे भांडण मिटते, कारण त्या जागा अन्य कोणी विकतच नाही. वरवर पाहता ही माघार वाटेल. वस्तुतः तंत्राच्या दृष्टीनेही तो शहाणपणाचा निर्णय होता. कारण एकच जागा दोन ठिकाणांहून विकणे हा ह्या सर्व व्यवसायातील अत्यंत कठीण प्रश्न आहे.

तो कठीण का, हे थोडे सावकाश पाहू. समजा, रात्रीच्या गाडीतील चौदा क्रमांकाची जागा रिकामी आहे. हुबळीत एक गृहस्थ आणि बेळगावात एक विद्यार्थिनी, दोघेही एकाच क्षणी ते पान उघडतात. संगणक दोघांसाठी नोंद वाचतो: जागा रिकामी. दोघेही ती पसंत करतात. संगणक पहिल्याच्या नावे लिहितो: विकली, आणि लगेच दुसऱ्याच्या नावे लिहितो: विकली. वाचणे आणि लिहिणे ह्यांच्या मधल्या फटीत, सेकंदाच्या शतांश भागात, एका जागेचे दोन धनी झाले. संगणकाने कोठेही चूक केलेली नाही. सांगितले तेच त्याने केले. बांधणाऱ्याने आपल्या टेबलावर शंभर वेळा ही व्यवस्था तपासली असेल, आणि शंभरही वेळा ती बरोबर चालली असेल. कारण टेबलाशी तो एकटाच बसलेला होता. चूक उघडकीस येते ती दिवाळीच्या आदल्या रात्री, बस थांब्यावर, सामानसुमान घेऊन उभ्या असलेल्या दोन कुटुंबांच्या समोर.

ह्यावरील उपाय जुना आहे. जिम ग्रे ह्या अमेरिकन संशोधकाने १९७० नंतरच्या दशकात व्यवहाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि त्या कार्याबद्दल त्याला १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. त्याचे सार इतकेच की, वाचणे आणि लिहिणे ही दोन कामे अविभाज्य करावीत. एक जण नोंद हाताळीत असता दुसऱ्याने थांबावे. आणि काम अर्धवट राहिले तर ते मुळीच झाले नाही असे समजून नोंद पूर्ववत व्हावी. आजची कोणतीही चांगली विदाव्यवस्था हे कुलूप आपणहून पुरविते. परंतु ते कोठे लावायचे आणि किती वेळ, हे तिला सांगावे लागते. प्रवासी जागा निवडतो आणि मग पैसे भरण्यासाठी बँकेच्या पानावर जातो. तेथे त्याला मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची वाट पाहावी लागते. तोवर ती जागा राखून ठेवायची किती मिनिटे? थोडी ठेवावीत, तर पैसे भरणाऱ्याची जागा हातची जाते. फार ठेवावीत, तर नुसते पाहून निघून गेलेल्यांमुळे गाडी भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात रिकामी धावते. हा आकडा पुस्तकात मिळत नाही. आपल्या गिऱ्हाइकांची सवय पाहूनच तो ठरवावा लागतो.

ह्या अडचणींचे एक मूळ माध्यमाच्या स्वभावातच आहे. टिम बर्नर्स-ली ह्याने १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांनी एकमेकांचे कागद वाचावेत म्हणून. वाचनासाठी केलेली ही व्यवस्था विसराळू आहे. पान मागितले, दिले, विसरले. पुढचे पान मागणारा हा मघाचाच मनुष्य आहे, हे तिला मुळात कळत नाही. ग्रंथालयात हे चालते. दुकानात चालत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली ह्याने कुकी नावाची युक्ती काढली: सर्व्हरने ब्राउझरजवळ एक छोटी चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने प्रत्येक भेटीत ती दाखवावी. आज जाहिरातदार ज्या चिठ्ठीच्या जोरावर आपला माग काढतात, ती जन्माला आली अशा साध्या गरजेतून.

आता पैशाकडे वळू. जाळे मंद असले की माणूस तेच बटण पुन्हा दाबतो. आणि बटण दोनदा दाबले म्हणून पैसे दोनदा कापले जाणे हा अन्यायच होय. आम्हां सरकारी नोकरांना ह्यावरचा उपाय परका वाटणार नाही. कचेरीत अर्ज आला की आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो. तोच अर्ज घाबऱ्या अर्जदाराने पुन्हा पाठविला, तर जाणता कारकून जुना क्रमांक शोधून त्याच नस्तीला तो जोडतो. नवी नस्ती उघडीत नाही. संकेतस्थळानेही तसेच करावे. मागणी निघतानाच तिला एक क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर पहिलेच उत्तर परत द्यावे. रकमेची नोंदही रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवता पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी. कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांश हा अपूर्णांक नेमका लिहिताच येत नाही, आणि बारीक फरक साचत जाऊन हिशेब चुकतो. गिऱ्हाईक काय टंकित करील, ह्याचाही नेम नसतो. अमेझॉनच्या आरंभकाळी पुस्तकांची संख्या उणे लिहिता येत असे आणि तितके पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा होत, अशी आठवण खुद्द जेफ बेझोस ह्याने सांगितली आहे.

हे सारे प्रश्न जगभर सारखेच आहेत. मराठी मनुष्याच्या वाट्याला आणखी एक येतो, आणि मला तो विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कऱ्हाड हे गाव आहे. त्याचे नाव संगणकात साठवायचे कसे? युनिकोड ह्या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक दिलेला आहे, आणि ते क्रमांक बाइटांत लिहिण्याची प्रचलित पद्धत यूटीएफ-८ ही होय. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्यांनी ती १९९२ साली न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखाली अंथरावयाच्या कागदावर आखली. ह्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी चिन्हाला तीन. कऱ्हाड मधील ऱ्ह लिहिण्याच्या मात्र दोन रीती प्रचारात आहेत. एकीत नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याला अठरा बाइट लागतात, दुसऱ्याला एकवीस.

आता परिणाम पाहा. बांधणाऱ्याने इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून गावासाठी वीस बाइटांचा रकाना आखला असेल, तर एक कऱ्हाड त्यात नीट बसते आणि दुसऱ्याचा ड मध्येच तुटून तेथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. रकाना मोठा केला, तरी एका रीतीने शोधणाऱ्याला दुसऱ्या रीतीने नोंदलेली बस सापडत नाही. 'ह्या मार्गावर गाडी नाही' असे उत्तर मिळते. युनिकोडमध्ये शब्द एका रूपात आणण्याचे नियम आहेत, परंतु त्या अदृश्य जोडचिन्हाला ते हात लावीत नाहीत. तेव्हा दोन्ही रूपे एक मानण्याचा नियम बांधणाऱ्यानेच करावयास हवा, आणि त्यासाठी त्याला मराठी यावयास हवी. काही लोक कराड असे लिहितात, तो भाग आणखी वेगळा. आपल्या भाषेतील व्यवहार जाळ्यावर नीट चालत नाहीत म्हणून आपण तंत्राला बोल लावतो. मला वाटते, हे दोष शोधून काढील असा मराठी जाणणारा मनुष्य त्या टेबलाशी बसलेला नसतो, हेच त्याचे अधिक खरे कारण आहे.

अंतराविषयी थोडेच सांगतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईतील माणसाने मागितलेले पान अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरवर असेल, तर जाण्यायेण्याचे सव्वीस हजार किलोमीटर तोडण्यास किमान एकशेतीस मिलिसेकंद लागणारच. केबल वाकडीतिकडी जाते, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. आणि फेरी एकच नसते. जोडणी करण्याची एक, गुप्तता ठरविण्याची एक किंवा दोन, आणि मग मागणीची. म्हणजे पहिले अक्षर दिसण्यापूर्वीच पाऊण सेकंद गेला. सर्व्हर ज्याच्या टेबलाखालीच आहे त्याला ही गती कधीच जाणवत नाही. मोठ्या कंपन्यांनी आता मुंबईतही आपली केंद्रे उभारली आहेत. अमेझॉनचे २०१६ मध्ये सुरू झाले.

सरतेशेवटी राखीव प्रतींविषयी, कारण येथे उद्योगाचा जीवच पणाला लागतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब ह्या कंपनीत एक अभियंता थकलेल्या अवस्थेत दुरुस्ती करीत होता. आपण दुय्यम सर्व्हरवरील विदा पुसत आहोत, अशा समजुतीने त्याने आज्ञा दिली. प्रत्यक्षात ती मुख्य सर्व्हरवर चालली. चूक लक्षात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट विदा नाहीशी झाली होती. मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज निघणारी प्रत कित्येक दिवस निघतच नव्हती, कारण ती काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते. हे अपयश कळविणारी पत्रे यंत्र इमानेइतबारे पाठवीत होते. पण टपालव्यवस्था ती संशयास्पद म्हणून नाकारीत होती. अखेर हाती लागली ती त्याच अभियंत्याने सुमारे सहा तास आधी, अगदी वेगळ्या कामासाठी, स्वतः काढून ठेवलेली एक प्रत. तिच्यावरून सारे पुन्हा उभे करण्यास अठरा तास लागले. मधल्या काळातील जास्तीत जास्त पाच हजार प्रकल्प, पाच हजार अभिप्राय आणि सुमारे सातशे नवी खाती गेली ती गेलीच. कंपनीने दुरुस्तीचे काम चालू असतानाच ते जगाला थेट दाखविले आणि पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालात अभियंत्याला दोष देण्याऐवजी, राखीव प्रत प्रत्यक्ष उघडून पाहण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नव्हते, ही गोष्ट स्पष्टपणे नोंदलेली आहे.